चार मिलिमीटरचा संशय

चार मिलिमीटर. अहो, चार! तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढं अंतर. तेवढ्यावरून मी जे काही करून बसले ते कुणाला सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. पण आमच्या आईने ते भाजीवालीला सांगितलं आणि भाजीवालीने अख्ख्या गल्लीला. तेव्हा म्हटलं, घोळ माझा आहे, तर निदान तुम्ही तरी तो माझ्याच तोंडून ऐका. बसा, चहा ठेवलाय.

झालं असं, की गुरुवारी सकाळी मी नव्या पेटीत पत्र्याचा ट्रे सरकवला आणि तो डुगडुगला.

बस्स. एवढंच. डुग, डुग.

तुम्ही म्हणाल, डुगडुगला तर डुगडुगला! पण तुम्ही मला ओळखत नाही. मी गॅस बंद केल्यावर त्याचा फोटो काढते आणि मगच घराबाहेर पडते. दाराची बेल वाजली की आधी दचकते, मग कोण आलं असेल त्याची मनात यादी करते, आणि त्या यादीत पोलीस असतातच. आजवर आलेत ते फक्त सिलिंडरवाले आणि मावशी. तरी पोलीस यादीतून काढायची माझी हिंमत होत नाही. असल्या बाईच्या हातात डुगडुगणारा ट्रे देऊ नये.

आता पेटी कसली, ट्रे कसला, ते सांगते. मी कॉम्प्युटर जोडते. सुटे भाग आणायचे, गिऱ्हाइकाचं काम काय आहे ते बघायचं आणि त्याला हवा तसा कॉम्प्युटर उभा करायचा. यात नवल काही नाही, कोल्हापुरात असं करणारे ढिगाने आहेत. नवल आहे ते पेटीचं. सगळ्यांचे कॉम्प्युटर काळ्या पत्र्याच्या डब्यात असतात, माझे सागवानी पेटीत. हाताने रंधा मारलेली, कोपऱ्यात खाचेत खाच बसवलेली, मागे पंख्यासाठी जाळी कोरलेली, आत सुटे भाग बसवायला पत्र्याचा सरकता ट्रे. नुसता हात फिरवला तरी माणूस दोन मिनिटं गप्प होतो.

या पेट्या करतात आमचे दस्तगीरचाचा. उचगावला त्यांचं दुकान. उभं आयुष्य त्यांनी फौंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे काय, तर लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो त्याची आधी लाकडात हुबेहूब वस्तू करायची, ती वाळूत दाबायची, आणि तिच्या ठशात लोखंड ओतायचं. मग ते काम यंत्रावर गेलं. चाचांच्या दुकानात पॅटर्न येईनासे झाले आणि माझ्यासारखी एक घाबरट पोरगी पेटीचं चित्र घेऊन यायला लागली. म्हणजे बघा, माझ्याकडे चाचा नसतील तर पेटी नाही, आणि चाचांकडे मी नसेन तर काम नाही.

आणि आता तर मोठं काम दारात आलेलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत देसाईसाहेबांची फौंड्री आहे. त्यांनी माझी पेटी एका प्रदर्शनात पाहिली आणि म्हणाले, "एक करून दाखवा. आवडला तर आमच्या ड्रॉइंग विभागाला आठ घेऊ."

आठ! मी तोपर्यंत सगळे मिळून पाच केले होते आणि त्यातले दोन मामांचे.

तर त्या एकाची ही पेटी. आणि तिच्यात ट्रे डुगडुगतोय.

मी टेप घेतला. पेटीची आतली लांबी हवी होती चारशे मिलिमीटर. निघाली चारशे चार. म्हटलं, टेप खराब असेल. दुसरा घेतला. चारशे चार. आईच्या शिवणाच्या डब्यातला कापडी टेप घेतला, शाळेतली प्लास्टिकची पट्टी शोधून काढली. सगळे एका सुरात, चारशे चार!

"आई, हे बघ! चारशे चार!"

"मग?"

"चारशे पाहिजे होतं."

"मोट्ठं आलंय न्हवं? ल्हान आलं असतं तर बोंबलायचं. मी काय म्हणतो, चार पुठ्ठं घाल आन गप बस."

(आमच्याकडे बायकासुद्धा 'मी म्हणतो'च म्हणतात. दचकू नका, ते काम माझं.)

आईचं ऐकून गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी उंची मोजली. हवी होती पाचशे, निघाली पाचशे पाच. रुंदी मोजली. हवी दोनशे, निघाली दोनशे दोन. आता मला सांगा, माणूस चुकतो तेव्हा कसा चुकतो? एकीकडे जास्त, एकीकडे कमी. इथे सगळीकडे जास्त, आणि तेही शंभराला एक असं काटेकोर! इतक्या शिस्तीत कुणी चुकतं का? छे! इतक्या शिस्तीत फक्त लबाडी होते.

मी पेटी उलटी केली. तळाला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा कोपऱ्यात, पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता.

तीन.

मी काम दिलं होतं एका पेटीचं. मग ही तिसरी कशी? पहिली कुठेय? दुसरी कुठेय? आणि कुणाकडे?

डोक्यात सगळं चित्र तयार झालं. माझं डोकं चित्रं फार भराभर काढतं. कुणीतरी दुसरा आलाय. त्याने माझीच पेटी थोडी मोठी करून मागितलीय. चाचा त्याच्यासाठी पेट्या करतायत आणि त्यातलीच एक उरलीसुरली माझ्या गळ्यात मारलीय!

चाचांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावला.

"कामात असंल माणूस," आई म्हणाली.

"आई, चाचा कामात असले तरी फोन उचलतात! एकदा तर एका हाताने फेविकॉल लावत दुसऱ्या हाताने माझ्याशी बोलले होते."

"मग जेवत असंल."

"सकाळी साडेदहाला?"

"तू असली शंकेखोर कुणावर गेलीयास गं? तुझा बा तर कुलूप न लावता गावाला जायचा."

मी स्कूटर काढली. पिशवीत टेप टाकला, तोही पोलादी. पुरावा म्हणून.

उचगावला पोहोचेपर्यंत माझी खात्री डळमळायला लागली होती, खरं सांगते. हायवेच्या पुलाखालून जाताना मनात आलं, अगं, हा तो माणूस आहे ज्याने तुझी पहिली पेटी मनासारखी झाली नाही म्हणून स्वतःहून नव्याने केली होती. नव्याने म्हणजे अगदी पहिल्यापासून! तुला तर ती बरी वाटली होती, त्यांनाच नव्हती वाटली. असा माणूस लबाडी करेल?

आणि मी दुकानासमोर आले तर काय, दाराला कुलूप.

गुरुवारी! चाचांची सुट्टी शुक्रवारी दुपारी, नमाजाला. गुरुवारी कुलूप कशाला?

दाराच्या फळ्यांमध्ये फट होती. मी डोळा लावला. आत अंधार. हळूहळू दिसायला लागलं. भुसा, रंधे, भिंतीला टेकवलेल्या फळ्या. आणि मधोमध, मेजावर, जुन्या साडीखाली झाकलेली एक चौकोनी वस्तू. साडीचा एक कोपरा सरकलेला. त्या कोपऱ्यातून दिसत होती जाळी. माझी जाळी! मी काढून दिलेली, षटकोनी भोकांची!

"कोन गं ती? फटीतनं काय बघाल्यास?"

मी अशी उडाले, की कपाळ दारावर आपटलं.

शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या महादेवी अक्का होत्या. पापण्यांपर्यंत पीठ. अक्का निपाणीकडच्या, कुणाही तरण्या पोरीला 'तंगी' म्हणतात, कानडीत धाकटी बहीण.

"अक्का, मी पल्लवी. चाचांकडून पेट्या करून घेते ती. चाचा कुठं आहेत?"

"तू व्हय! मला वाटलं चोर. चाचा न्हाईत की तंगी. कागलला गेल्यात."

"कागलला?"

"पांढरी गाडी आलती न्यायला. डायवरनं खाली उतरून दार उघडून दिलं बघ. चाचांनी नवा सदरा घाटलेला. अत्तर बी मारलं हुतं."

सदरा! अत्तर! आमच्याकडे पेटी द्यायला येतात तेव्हा केसांत भुसा असतो.

"बरोबर काय नेलं त्यांनी?"

"खोकं हुतं की. तुझं असतंय तसलंच. चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलं, लेकरू घेतल्यागत."

एक आत, एक मांडीवर, एक माझ्या घरी. एक, दोन, तीन. हिशेब लागला!

"अक्का, जाताना काही म्हणाले का?"

"म्हनले की. मला म्हनले, अक्का, ती पोरगी..."

तेवढ्यात गिरणीतून कुणीतरी ओरडलं, "अक्का! दळण गरम व्हायलंय, चाळण बदला!" आणि अक्का आत पळाल्या. गिरणीचा असा घरघराट सुरू झाला, की मला माझाच श्वास ऐकू येईना.

'ती पोरगी...' काय? ती पोरगी भोळी आहे? ती पोरगी काय करून घेणार? तुम्ही माझ्या जागी असता तर वाक्य कसं पुरं केलं असतंत?

कागलला कोण आहे? कागलला माझे देसाईसाहेब आहेत. मी फौंड्रीत फोन लावला. तिथल्या टेलिफोनवरच्या बाई फार गोड बोलतात.

"नमस्कार, तुमच्याकडे उचगावचे दस्तगीरचाचा आलेत का? लाकूडकाम करतात ते?"

"चाचा? आलेत की! साहेबांच्या केबिनीत हायत. दार लावून बसल्यात."

"दार लावून?"

"एसी चालूय न्हवं," त्या म्हणाल्या. पण एसी हे कारण मला त्या घटकेला फारच सोयीचं वाटलं.

संपलं. म्हणजे मला वगळून थेट साहेबांशी! नवा सदरा, मांडीवर माझी पेटी, बंद दार. आणि मी इथे फुटक्या कपाळाने गिरणीसमोर. आठही कॉम्प्युटर गेले. धंदा गेला. आईला काय सांगू? 'तुझं ऐकून पुठ्ठे घातले असते तर' असं म्हणू?

आता लक्ष द्या. माझ्यासारखी माणसं अशा वेळी काय करतात? रडतात, घरी जातात, आणि पंधरा दिवस कुणाचा फोन घेत नाहीत. आजवर मी तेच करत आले. पण त्या दिवशी मला कुठून अवसान आलं कोण जाणे. मी ज्वारीच्या पोत्यावर बसले आणि देसाईसाहेबांना मेल लिहायला घेतली.

मराठी विषय घेऊन पदवी काढलीय मी, तेव्हा मेल कसली, निवाडाच तो! वर लिहिलं, 'अति तातडीचे व गोपनीय'. खाली,

'महोदय, अत्यंत खेदपूर्वक आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की, सध्या आपल्या दालनात उपस्थित असलेल्या सदर कारागिराने माझ्या पेटीच्या मापांमध्ये सर्व बाजूंनी शंभरास एक या प्रमाणात हेतुपुरस्सर वाढ केलेली आहे. तसेच माझ्या संकल्पनेच्या अनधिकृत प्रतिकृती तयार करून त्या इतरत्र पोहोचविण्याचा त्यांचा मानस असल्याचे सबळ पुरावे माझ्या हाती आले आहेत. तरी सदर व्यक्तीच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी आपण योग्य ती खबरदारी घ्यावी, ही नम्र विनंती...'

आणि असंच पुढे. बरंच पुढे. 'हेतुपुरस्सर' तर मी तीनदा घातलं, कारण ते लिहिताना बोटांना फार बरं वाटत होतं. सोबत फोटो. पोलादी टेपचा, कापडी टेपचा, प्लास्टिकच्या पट्टीचा, पेन्सिलीतल्या तीनचा, कुलपाचा. माझ्या कपाळावरच्या टेंगळाचाही काढला होता, पण तो शेवटी वगळला. म्हटलं, विषयांतर नको.

बटण दाबलं. गेली मेल.

खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरून गप्प बसले नव्हते!

गिरणी थांबली. अक्का पदराने तोंड पुसत बाहेर आल्या.

"अजून हितंच व्हय तंगी? चाचांकडं काय न्यायचं हुतं का? चावी हाय की माझ्याकडं."

"चावी?"

"म्हंजी काय! त्यांची चावी माझ्याकडं, माझी त्यांच्याकडं. मगाशीच बोलली असतीस तर उघडून दिलं असतं. उगं फटीत डोळं घालून बसलीयास."

तरीही, बघा हं, तरीही माझ्या मनात आलं, बरं झालं, आतले पुरावेही मिळतील.

अक्कांनी कुलूप काढलं. मी थेट मेजाकडे गेले आणि साडी ओढली. खाली पेटी होती. पण ही सागवानी नव्हती. खोक्यांना वापरतात तसल्या सवंग लाकडाची, पॉलिश नाही काही नाही. तळाशी पेन्सिलीने मोठ्या अक्षरात, '१. पल्लवीताई. माप.'

"त्ये कच्चं हाय," अक्का म्हणाल्या. "चाचांची पद्धतच हाय ती. आधी एक सवंग लाकडात करायचं मापाला, दुसरं पॉलिश लावून बघायला, आन तिसरं खरं. दुसरं घेऊन गेल्यात आज."

तिसरं खरं. माझ्या घरात. तीन.

पण संशय इतक्या लवकर मरत नाही. मी पिशवीतून पोलादी टेप काढला आणि ती कच्ची पेटी मोजली. चारशे चार!

"बघा, अक्का! हीसुद्धा मोठी! माप चुकीचंच आहे!"

"चाचांचं माप चुकीचं?" अक्का अशा बघायला लागल्या, जणू मी सूर्य उगवला नाही म्हणाले. "त्यांची पट्टी घे की. ती काय खुंटीला."

खुंटीवर एक पोलादी पट्टी होती. वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. ती पेटीला लावली. बरोबर चारशे. ना केसभर इकडे, ना केसभर तिकडे.

मी टेप आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवली. दोघांचा शून्य एका जागी. दहापाशी दोघं बरोबर. शंभरापाशी पट्टी जरा पुढे. दोनशेपाशी आणखी पुढे. चारशेपाशी... चाचांचा चारशे होता माझ्या चारशे चारपाशी.

"खोटी पट्टी!" मी किंचाळलेच. "अक्का, ही पट्टीच खोटी आहे!" आणि मी तिचा फोटो काढला. दुसऱ्या मेलसाठी.

अक्का हसायला लागल्या. अशा हसल्या, की त्यांच्या अंगावरचं पीठ उडून माझ्या अंगावर आलं.

"अगं यडे, ती श्रिंकेजची पट्टी हाय! आमचं मालक फौंड्रीतच हुतं न्हवं. लोखंड ओतलं की गार हुताना आकसतंय. म्हनून पॅटर्न आधीच थोडा थोरला करायचा. आता दर येळी आकडेमोड कोन करनार? म्हनून पट्टीच तशी करत्यात, जरा ताणलेली. शंभराला एक. पॅटर्नवाल्याच्या घरात दुसरी पट्टी मिळायची न्हाई तुला."

मी ती पट्टी डोळ्यांजवळ धरली. खरंच, एका टोकाला बारीक अक्षरात कोरलेलं होतं. शंभराला एक.

"पण... पण अक्का, कॉम्प्युटर काय ओतायचाय? सागवान कुठं आकसतंय इतकं?"

"त्ये चाचास्नी कोन सांगायचं? मी? त्यांनी इचारलं न्हाई व्हय तुला?"

आणि तेव्हा, मंडळी, मला आठवलं.

विचारलं होतं.

या कामाच्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माझ्या आधीच्या पाच पेट्या त्यांनी माझे सुटे भाग समोर ठेवून, अंदाजाने केल्या होत्या. यंदा मात्र मोठ्या कंपनीचं काम, म्हणून मी पहिल्यांदा लॅपटॉपवर रीतसर मापांचं ड्रॉइंग करून नेलं होतं. आपण आता इंजिनीअरच झालो अशा थाटात ते उघडून दाखवत होते. चाचांनी ते नीट पाहिलं, पट्टी खुंटीवरून काढली आणि म्हणाले, "ताई, ह्यात श्रिंकेज किती धरू?"

मला काय कळणार! पण 'कळलं नाही' कसं म्हणायचं? मी भुवया जवळ घेतल्या, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चाचा, तुम्ही नेहमी धरता तेवढंच धरा."

नेहमी धरता तेवढंच! स्वतःच्या तोंडाने!

मी पोत्यावर बसायला गेले, तर तिथे पोतं नव्हतं. भुशात बसले.

"अक्का," मी खालूनच विचारलं, "चाचा जाताना काय म्हणत होते? 'ती पोरगी' असं काहीतरी?"

"व्हय, ते राहिलंच बघ. आज त्यांस्नी त्या साहेबांनी जुना पॅटर्न दुरुस्तीला बोलवलंय. ह्याच फौंड्रीचं काम केलंय न्हवं त्यांनी इतकी वर्षं. तर म्हनले, अक्का, ती पोरगी हाताची लई हुशार हाय, पन साहेबाम्होरं उभी ऱ्हायली की ततपप करती. मी जातोयच, तर खोकं दाखवतो आन साहेबांस्नी सांगतो, आठच्या आठ हिच्याकडनंच घ्या म्हनून. नवा सदरा त्यासाठीच घाटला हुता."

मी मोबाईलकडे पाहिलं. मेल गेलेली. दोन पानी. तीन वेळा हेतुपुरस्सर.

फौंड्रीत फोन लावला. घाईघाईत दोनदा आईलाच लागला. ("काय झालं?" "काही नाही!" "मग फोन का केलास?" "चुकून!" "पुठ्ठं घातलं का?")

"हॅलो! मी मगाशी मेल पाठवली होती. साहेबांनी ती अजून बघितली नसेल ना?"

"तुमचीच का ती?" गोड बाई म्हणाल्या. "अति तातडीचे लिवलं हुतं म्हणून मी लगेच छापून नेऊन दिली की! साहेबास्नी कागदावरच वाचायला आवडतंय."

"ती परत आणता येईल का? त्यात चूक आहे!"

"आता कशी आणू? साहेब चष्मा पुसून वाचायला बसल्यात."

"मग मला साहेबांना जोडून द्या!"

"वाचताना फोन जोडायचा न्हाई म्हणून सक्त ताकीद हाय."

आता उरला एकच मार्ग. चाचांचा मोबाईल. त्यांनी उचलला तर म्हणायचं, चाचा, तो कागद साहेबांच्या हातातून काढून घ्या, फाडा, खा, काहीही करा!

लावला. वाजला, बंद झाला.

परत. वाजला, बंद झाला.

चाचांचं तोंड डोळ्यांसमोर यायला लागलं. जिथे त्यांनी उभं आयुष्य काम केलं, जिथे गाडी पाठवून, दार उघडून त्यांना नेलं, तिथे त्यांच्याच समोर बसून साहेब वाचतायत, 'सदर व्यक्तीच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी'. आणि ही सदर व्यक्ती अत्तर लावून माझी शिफारस करतेय! मला तिथल्या तिथे त्या भुशात पुरून घ्यावंसं वाटलं.

चौथ्यांदा. पाचव्यांदा. अक्का शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, माझा खांदा थोपटत.

"उचलतील गं. लाव परत. पन खरंच एवढं काय लिवलंस त्यात?"

मी सांगितलं. अक्कांचा थोपटणारा हात थांबला.

"लाव," त्या म्हणाल्या. "लाव लवकर."

सहाव्यांदा. वाजतोय. वाजतोय. वाजतोय.

खट्.

"चाचा! चाचा, मी पल्लवी, ऐका, तो कागद..."

"देसाई बोलतोय."

मी भुसा झटकत ताडकन उभी राहिले.

"चाचांचा फोन केव्हाचा माझ्या टेबलावर थरथरतोय, म्हटलं आपणच घ्यावा. बरं झालं तुम्ही सापडलात. चाचा चष्मा घरी विसरलेत, म्हणून तुमचं पत्र मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवतोय. दुसऱ्या पानावर आलोय. पण ते मघापासून एका शब्दावर अडलेत. 'हेतुपुरस्सर' म्हणजे काय, असं विचारतायत. मला काही ते नीट सांगता येईना. तुम्हीच सांगा, मी स्पीकरवर टाकतो."

खरखर झाली. आणि मग लांबून, एसीच्या गारव्यातून, चाचांचा तो नेहमीचा शांत आवाज.

"सांग बेटा. मला एखादी गोष्ट कळली न्हाई, की मी आपला इचारतो."